मानेची हद्द

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी पहाटे मोहिनीबाईंना लागोपाठ सात शिंका आल्या. भोरच्या त्या गल्लीत नळाला पाणी किती वाजता आलं यापलीकडे कशालाही सार्वजनिक महत्त्व नसतं, पण त्या दिवसापासून चार दिवस ते एका बाईच्या नाकाला मिळालं.

सर्दी ही काही सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. थंडी पडली की नदीवरून धुकं येतं आणि गल्लीतली निम्मी माणसं रुमाल घेऊन फिरतात. पण मोहिनीबाईंचा तो एकतिसावा दिवस होता.

कशाचा, ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रेरणा पुण्याला असते. गेल्या वर्षी तिच्या पोटातलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं. या खेपेला चौथा लागला त्या दिवशी मोहिनीबाई नदीकाठच्या दत्ताच्या देवळात गेल्या, औदुंबरापुढे हात जोडले आणि नेम धरला: एक्केचाळीस दिवस, रोज एकशे आठ प्रदक्षिणा, अनवाणी, एकही खाडा नाही, आणि पुरे होईपर्यंत कुणाजवळ चकार शब्द नाही.

यातलं शेवटचं कलम सगळ्यांत अवघड. बाई रोज सकाळी तासभर कुठं जाते हे गल्लीला कळावं लागतं. सुदैवानं दिवाळीच्या सुमारास डॉक्टरीणबाईंनी मोहिनीबाईंची साखर तपासून "अगदी काठावर आहे, रोज अर्धा तास चालत जा," असं बजावलं होतं. त्यामुळे कुणी विचारलं की मोहिनीबाई म्हणायच्या, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." वाक्य अक्षरशः खरं होतं. खोटं बोलायचं नाही हा मोहिनीबाईंचा लग्नाआधीपासूनचा नेम. न विचारलेलंही सांगत सुटावं, असा मात्र नेम त्यांनी कधी धरला नव्हता.

अशा रीतीनं एकच चालणं देवाकडे नेम म्हणून आणि घरात व्यायाम म्हणून जमा होत होतं. तीस दिवस कुणाची तक्रार नव्हती. सर्दीनं पहिल्यांदा प्रश्न काढला, की हे चालणं नक्की कुणाचं?

त्यात मोहिनीबाईंचे यजमान कुंडलिकराव. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त. भोंगवलीपासून वर गुंजवण्यापर्यंत असा बांध नसेल, की ज्यावर उभं राहून त्यांनी दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या नाहीत. माणूस सरळ. पण 'अंदाजे' या शब्दानं त्यांचं पित्त खवळे. नेमाच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सहज विचारलं होतं, "किती चालणं होतं गं तुझं?"

"होत असेल दोन-अडीच किलोमीटर."

"असेल?" कुंडलिकरावांनी चहाचा कप खाली ठेवला. त्याच दिवशी टेप घेऊन देवळात गेले, टेपचं एक टोक अंगण झाडणाऱ्या चिमाजीच्या हातात दिलं आणि औदुंबराच्या पाराभोवतीची फेरी मोजली. तेवीस मीटर. गुणिले एकशे आठ. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नोंद झाली: दोन हजार चारशे चौऱ्याऐंशी मीटर, मोजणी करणार, स्वतः. तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आमच्या हिचा व्यायाम शास्त्रशुद्ध आहे." मोहिनीबाई पदराआड हसत, आणि मग आपण हसलो याबद्दल देवाची क्षमा मागत.

तर मंगळवार. सातवी शिंक ओसरली तसे कुंडलिकराव म्हणाले, "आज चालणं बंद."

"नाकच वाहतंय जरासं."

"व्यायाम एक दिवस बुडाला म्हणून काय होतंय?"

व्यायाम बुडाला म्हणून काहीच होत नाही, हे मोहिनीबाईंनाही मान्य होतं.

तेवढ्यात मागच्या इमारतीत जिम चालवणारा अमृत मोटरसायकल पुसायला खाली आला होता, त्यानं खिडकीतून ऐकलं. हा मुलगा दिवसाला सहा अंड्यांचा फक्त पांढरा भाग खातो आणि पिवळा भाग गल्लीतल्या मांजरांना घालतो, त्यामुळे मांजरांमध्ये आणि कुंडलिकरावांमध्ये त्याच्या शब्दाला मान आहे.

"काका, त्याचा सोप्पा नियम आहे," तो खिडकीशी येऊन म्हणाला. "सर्दी मानेच्या वर असेल, म्हणजे नाक, शिंका वगैरे, तर हलका व्यायाम चालतो. मानेच्या खाली उतरली, छातीत, अंगात, ताप, तर गुपचूप झोपायचं."

कुंडलिकरावांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं शरीर म्हणजे त्यांना बेभरवशाचा प्रदेश वाटायचा. त्यातही हद्द असते हे त्यांना आजच कळत होतं.

"मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "मोहिनी, नाक?"

"वाहतंय."

"वर. छाती?"

"काही नाही."

"खाली निरंक. आणि गळा?"

मोहिनीबाईंनी आवंढा गिळून पाहिला. खोटं न बोलण्याचा नेम नसता तर त्या 'छान आहे' म्हणाल्या असत्या. "खवखवतोय थोडासा."

कुंडलिकराव खिडकीकडे वळले.

"अमृत, गळा मानेच्या वर की खाली?"

अमृत डोकं खाजवू लागला. "गळा म्हणजे काका... मानेतच की."

"म्हणजे हद्दीवर!" कुंडलिकराव खुर्चीत बसले. "मला वाटलंच. आयुष्यभर बघितलं, रानाच्या मधोमध कधी भांडण नसतं. सगळे तंटे हद्दीवर."

मग रीतसर पाहणी झाली. पंच म्हणून शेजारच्या बाळाबाईंना बोलावलं. बाळाबाई मूळच्या गुंजवण्याच्या. धरणात घर गेलं तसं कुटुंब भोरला आलं. तेव्हा मोजणीचा टेप घेऊन दारात उभे होते ते कुंडलिकरावच, आणि बाळाबाईंनी ते अजून पुरतं माफ केलेलं नव्हतं.

"आ कर," कुंडलिकराव म्हणाले. त्यांच्या एका हातात मोबाईलचा उजेड होता आणि दुसऱ्यात चमचा.

संसाराची चव्वेचाळीस वर्षं ज्या बाईनं चारचौघांत तोंडावर पदर धरूनच जांभई दिली होती, तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात, खिडकीत जिमवाला उभा असताना, आ केला. बाळाबाई वाकल्या. "लालेलाल हाय की वो वैनी! पार आतपत्तुर."

"आतपर्यंत म्हणजे किती? वरच्या बाजूला की खालच्या?"

"सायेब, म्या काय आत उतरून बगू व्हय?"

"खूण पाहिजे हो. पुरुषाला कंठमणी असतो, त्यावरून धरता येतं. बाईमाणसाला ती खूणच दिसत नाही. हद्द कायम करायची कशावरून?"

"आमच्या वावराची केलीसा तवा बरी सापडली खूण," बाळाबाई म्हणाल्या.

कुंडलिकराव तेवढ्यापुरते बहिरे झाले. चमचा पुसून त्यांनी निकाल दिला. "हद्द वादग्रस्त. निर्णय होईपर्यंत जैसे थे."

"आं," मोहिनीबाईंचं तोंड अजून उघडंच होतं. ते मिटून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जैसे थे म्हणजे, रोजच्यासारखंच ना? मग मी जाऊन येते."

आणि खात्याच्या भाषेचा अर्थ लावण्यात आपण बायकोकडून हरलो हे कुंडलिकरावांच्या लक्षात येईपर्यंत त्या चिंचोक्यांची वाटी घेऊन फाटकाबाहेर पडल्या होत्या.

एकशे आठ चिंचोके. फेरी झाली की एक चिंचोका वाटीतून पारावर ठेवायचा, ही त्यांची मोजण्याची रीत. सातव्या फेरीला अंगणातल्या समाधीच्या दिशेनं वळताना शिंक आली. बाळाबाई वाती ठेवायला मागोमाग आल्याच होत्या.

"वैनी, ती फेरी बाद."

"का हो?"

"शिंकल्यावर काम पुढं नेत्यात व्हय? मागं यायचं, पुन्यांदा निघायचं."

अंगण झाडणारा चिमाजी खराट्यावर हात टेकून उभा राहिला. हा वरच्या धनगरवाड्यावरचा. मेंढरं मुलांच्या हवाली करून दोन वर्षांपासून देवळाच्या सेवेला राहिलेला. "बाळाबाई, काय पन नका सांगू. देवाला शिंक येत न्हाई काय?"

"देवाला सर्दी?"

"उगड्यावर बसलाय त्यो. थंडी, वारं, धुकं. न येऊन सांगतो कुणाला?"

मोहिनीबाईंना चिमाजीचं पटलं. एरवी त्या पुढे गेल्याही असत्या. पण फेरी पोरीसाठी होती, आणि पोरीच्या बाबतीत कुठल्या नियमाला उगाच दुखवावं असं आईला वाटत नाही. मागे आल्या. पुन्हा निघाल्या. अकराव्याला शिंक, पुन्हा मागे. थंडगार फरशी, ओले पाय. एकशे आठ भरायला त्या दिवशी एकशे सत्तावीस घालाव्या लागल्या. वाढीव एकोणीस फेऱ्यांनी सर्दीनं काय करायचं ते केलं. संध्याकाळी अंगात कणकण, छातीत खोकला, आणि काखेत थर्मामीटर: एकशे एक.

"अतिक्रमण," कुंडलिकराव म्हणाले. त्यांचा सूर विजयी असायला हवा होता, पण त्यांनी थर्मामीटर झटकून लगेच दुसऱ्यांदा लावायला दिला.

त्याच वेळी प्रेरणाचा फोन आला. रविवारपासून महिनाभर ती माहेरी येणार होती. डॉक्टरांनी पाचवा पार पडेपर्यंत विश्रांती सांगितली होती. "आई, आवाज कसा येतोय तुझा? सर्दी आहे? ताप?" मग ताप आहे हे कळल्यावर, "आई, मग मी नाही येणार गं. डॉक्टर म्हणालेत आजारी माणसाजवळ अजिबात जायचं नाही. शुक्रवारी फोन करते. तोवर तू बरी झालीस तर."

फोन ठेवल्यावर मोहिनीबाई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. चालावं, तर ताप वाढणार आणि लेक दुरावणार. न चालावं, तर नेम मोडणार, आणि नेम मोडला की... त्या 'की'च्या पुढे त्या गेल्या नाहीत. तिथं गेल्या वर्षीचा दवाखाना होता, हिरवा पडदा होता, आणि "आई, तू उपास का करतेस अजून?" असं विचारणारी पांढरीफटक पोरगी होती. देवाशी बोली करताना आपण एक्केचाळीस दिवसांत आजारीही पडू शकतो हे आपल्याला सुचलंच नाही, याचं त्यांना नवल वाटलं. भाजीवाल्याशी व्यवहार करतानासुद्धा बाई किडकं निघालं तर काय ते आधी ठरवते.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, तीन दिवस अंथरूण. "ताप असताना व्यायाम म्हणजे हृदयाला उगाच ताण. नाक वाहत होतं तेव्हाच जरा दमानं घ्यायचं. शिवाय तीन दिवसांनी काही तुमची साखर पळून जात नाही."

साखर पळून जात नव्हती, हे खरंच.

बुधवारी सकाळी चिमाजी दाराशी आला. मोहिनीबाईंची चिंचोक्यांची वाटी पारावरच राहिली होती. ती त्यानं पदार्थ झाकावा तशी टोपीखाली झाकून आणली होती.

"वैनी, आज येनं न्हाई जनू?"

"ताप आहे रे. डॉक्टर नको म्हणतात."

"बरूबर हाय. मेंढराला सर्दी हुन नाकातनं गळाया लागलं, की आमी बी त्याला चालवत न्हाई. लई धापा टाकतं, मरतं कवाकवा."

"मग रे? त्याला मागं ठेवता?"

"मागं कसं ठिवायचं? कळप थांबत न्हाई, आन एकटं ठिवलं तर लांडगा. खांद्यावर घ्याचं. दोन-तीन दिस आपल्या पायानं त्याची वाट चालायची. बरं झालं की उतरवायचं, लागतंय आपसूक चालाया." चिमाजीनं वाटी कट्ट्यावर ठेवली. "मेंढराला वाटतं आपुनच चाललो. वाटंना का." आणि गेला.

मोहिनीबाई उठून बसल्या.

त्यांची आईही म्हणायची, आजारपणात घरच्या माणसाच्या पायांनी नेम चालतो. संकल्प मात्र आपला लागतो. घरचं माणूस एकच होतं. आत्ता ते पाटावर बसून पेपरातल्या जमीनविषयक नोटिसा वाचत होतं. पण त्याला 'माझ्यासाठी प्रदक्षिणा घाला' म्हणायचं म्हणजे 'कशासाठी' ते आलं, आणि कशासाठी सांगितलं की न बोलण्याचं कलम मोडलं. खोटं बोलायचं नाही. खरं सांगायचं नाही. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या बांधावरून मोहिनीबाई हळूच निघाल्या.

"अहो, एक विचारू?"

"व्यायाम बंद म्हणजे बंद."

"तो बंदच. मी म्हणत होते, ती तेवीस मीटर तुम्ही कुठून धरली हो? पाराच्या कडेनं, की बायका चालतात तिथून?"

पेपर थोडा खाली आला. "पारापासून हातभर अंतर सोडून. का?"

"काही नाही. काल चालताना मला जास्त वाटली." हे शंभर टक्के खरं होतं; काल त्यांना ती फेरी पार हायवेवरच्या सारोळ्याच्या पुलापर्यंत वाटली होती.

"वाटणं वेगळं, मोजणी वेगळी."

"हो, ते खरंच. आणि तुम्ही एकच फेरी मोजलीत. बाई काय प्रत्येक फेरीला सारखीच चालते? एकदा आतून, एकदा बाहेरून. कधी चिखल, कधी कुणी वाती लावत बसलेलं." मोहिनीबाईंनी रजई नीट केली. "पण असेल तुमचं बरोबर. असेल."

तो शब्द वर्मी लागला. कुंडलिकरावांनी पेपराची घडी केली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा केली. "ही हरकत तू आधी का नोंदवली नाहीस?"

"आधी ताप नव्हता."

"एका फेरीवरून निष्कर्ष काढला हे..." त्यांना शब्द गिळताना त्रास झाला. "हे योग्य नव्हतं. फेरमोजणी करावी लागेल. एकशे आठच्या एकशे आठ. पावलांनी. माझं पाऊल पाऊण मीटर, साहेबांनी तपासून दिलेलं. मग सरासरी काढायची. आणि एका दिवसावर भागत नाही, तीन दिवसांची वाचनं लागतात." त्यांनी टोपी घातली. 'तीन दिवस' हे मोहिनीबाईंनी सुचवलं नव्हतं, हे इथं नमूद केलं पाहिजे.

"चपला बाहेर काढा हं. पायताण असलं की पाऊल बदलतं."

"बरोबर आहे."

"झाड उजव्या हाताला ठेवून."

"दिशेनं लांबी बदलत नाही, मोहिनी."

"मी तशी चालते म्हणून म्हटलं. आणि ही वाटी न्या, फेऱ्या चुकणार नाहीत."

"मी? फेऱ्या चुकीन?" असं म्हणत त्यांनी वाटी घेतली.

ते फाटकातून गेल्यावर मोहिनीबाई भिंतीला धरून तुळशीपाशी आल्या. पळीभर पाणी हातावर घेतलं. देवा, पाय त्यांचे, फेरी माझी, आणि पोरगी तुझी, असं मनात म्हटलं आणि पाणी सोडलं. मग लगेच वाटलं, ही लबाडी तर नव्हे? माणसाला न सांगता त्याच्याकडून नेम करून घेणं म्हणजे बैलाला न सांगता नांगराला जुंपणं. पण बैलाला तरी कोण सांगतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि पुन्हा एकदा क्षमा मागून त्या आडव्या झाल्या.

तासाभरानं बाळाबाई बातमी घेऊन आल्या. "वैनी, सायबास्नी काय झालंया? अनवाणी, टोपी घालून, वही घेऊन झाडाला चकरा मारत्यात. आन तोंडानं पुटपुट. एकतीस, एकतीस, तीस, एकतीस. म्या म्हनलं, सायेब, आता झाड बी धरणात जातंय काय? तर बोलंनातच. बोलला तर आकडा चुकंल म्हनं."

मोहिनीबाईंना हसू आलं, हसण्यानं खोकला आला, आणि खोकता खोकता मन उदास झालं. तोंडात देवाचं नाव नाही, नुसते आकडे. अशी फेरी पोचते का? दुपारभर त्या याचाच विचार करत पडल्या. मग त्यांनी स्वतःच्या एकतीस दिवसांकडे जरा प्रामाणिकपणे पाहिलं. पहिल्या दहा-बारा फेऱ्यांत नाव असायचं. मग प्रेरणाची पुढची तपासणी. मग तूर संपत आलीय ते. मग बाळाबाईंनी कोकम परत केलं नाही ते. मग दचकून पुन्हा नाव. निदान कुंडलिकरावांचं लक्ष तरी दर पावलावर होतं. ज्या माणसाला मोजण्यावाचून दुसरी भक्तीच ठाऊक नाही, त्याच्याकडून देव ते घेत असेल. असेल, त्यांनी स्वतःशीच म्हटलं, आणि या वेळी त्या शब्दाला त्यांनी कुणाला डिवचायला वापरलं नव्हतं.

गुरुवारी मार्गशीर्षातला घट मांडायचा होता, तो त्यांनी बसल्या बसल्या मांडला. ताप उतरला होता. कुंडलिकराव दुसरं वाचन घेऊन आले. पायाचे तळवे लाल झाले होते. ते त्यांनी दाखवले नाहीत, पण कोमट पाण्याची बादली मागितली. अमृतनं खिडकीतून विचारलं, "काका, वजन कमी करताय का?" त्यावर ते म्हणाले, "शासकीय काम आहे," आणि मग आपण निवृत्त आहोत हे आठवून खिडकी लावून घेतली.

शुक्रवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की फाटक दिसेना. कुंडलिकराव सव्वाआठला गेले. पावणेनऊला प्रेरणाचा फोन आला. मोहिनीबाईंनी आधी दोनदा घसा साफ केला, आणि मग घसा खरंच साफ आहे हे जाणवून थक्क झाल्या.

"बोल गं बाळा."

"आई! आवाज मोकळा झाला की. ताप?"

"कालपासून नाही. डॉक्टरीणबाई उद्यापासून हळूहळू फिरा म्हणाल्यात."

"मग येते मी रविवारी." "आई, सोमवारच्या तपासणीत सगळं नीट होतं. हालचाल दिसली. मी मुद्दाम नव्हतं सांगितलं. सांगितलं की काहीतरी होतं असं वाटतं मला हल्ली."

"नको सांगूस," मोहिनीबाई म्हणाल्या. "ये फक्त."

फोन ठेवून त्या ओट्याशी गेल्या, चहाचं आधण ठेवलं. नऊ वाजले. सव्वानऊ. चौतिसावा दिवस, एकशे आठ फेऱ्या, काल याच कामाला पाऊण तास लागला होता. धुक्यात ओल्या फरशीवरून घसरले तर नसतील? पाय सुजलेले. साठी उलटलेला माणूस. आपल्या नेमापायी. आधण आटत आलं, त्यांनी पुन्हा पाणी घातलं. साडेनऊला फाटक वाजलं.

कुंडलिकराव पायरीवर टेकले. टोपीवर दव साचलं होतं. वही उघडून त्यांनी घसा खाकरला.

"तीन दिवस, तीनशे चोवीस फेऱ्या. सरासरी तेवीस मीटर एकोणीस सेंटिमीटर. तुझी हरकत अंशतः मान्य."

"बरं झालं," मोहिनीबाईंनी चहा पुढे केला. "उशीर झाला आज. मला काळजी वाटली."

"एकशे नऊ झाल्या आज."

"चुकलात?"

त्यांनी असं पाहिलं, की मोहिनीबाईंना विचारल्याची लाज वाटली.

"एकशे आठ झाल्या. वाटी रिकामी. वही मिटली, निघालो," ते चहाकडे बघत म्हणाले. "चार पावलं गेलो आणि मागं आलो. म्हटलं, तीन दिवस इतकं चाललो, सगळं खात्याचं. एक फेरी आपली घालावी. पोरीसाठी. तुला म्हणून सांगतो, मला गेल्या वर्षीपासून झोप नाही नीट. तुला सांगितलं नव्हतं, तू आणखी घाबरशील म्हणून." "मला ते नाव वगैरे येत नाही तुझ्यासारखं. म्हटलं, पोरगी आणि बाळ, दोघं नीट राहू देत. एवढंच म्हणत गेलो. सावकाश गेलो, त्यात वेळ गेला."

मोहिनीबाई त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या. बोलायचं इतकं होतं, आणि अजून सात दिवस बोलायचं नव्हतं. शेवटी त्यांनी तेवढंच विचारलं, जे या माणसाला विचारता येण्यासारखं होतं.

"किती भरली हो ती फेरी?"

कुंडलिकरावांनी बशीत चहा ओतला.

"ती मोजली नाही," ते म्हणाले.